तळटीपेचे इमान



विद्याव्यवहारात आधारांचा निर्देश कसा करावा, हा विषय मी कळविला तेव्हा या व्याख्यानमालेचे चालक थोडे चाचरले आणि मग, एकदा आमंत्रण दिलेल्या वक्त्याला विषय बदला म्हणून सांगणे शिष्टसंमत नसल्यामुळे, त्यांनी रुकार दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तळटीप, संदर्भसूची, आवृत्ती, पृष्ठांक या गोष्टींवर तासभर बोलणे म्हणजे भरल्या पंगतीत भांड्यांच्या कल्हईची चर्चा काढण्यासारखे आहे, असे कोणाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात त्या गृहस्थांनी ग्रंथालयाच्या संदर्भविभागात बसून उभे आयुष्य इतरांच्या प्रबंधांतील चुकलेले पृष्ठांक आणि हरवलेले ग्रंथकर्ते शोधून देण्यात घालविले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या मालेत या विषयाला एकदा तरी आसन मिळावे, हे उचितच म्हटले पाहिजे.

आधार द्यावयाचा तो कशासाठी, या प्रश्नाला आज विद्यापीठांतून मिळणारे उत्तर बहुधा एकच असते: वाङ्मयचौर्याचा आळ येऊ नये म्हणून. हे उत्तर खोटे नाही, पण ते फौजदारी वकिलाचे उत्तर आहे. गुन्हा शाबीत होऊ नये एवढीच त्यात दृष्टी आहे. लेखक जेव्हा पानाच्या तळाशी एक आकडा घालून ग्रंथाचे नाव लिहितो, तेव्हा तो वस्तुतः वाचकाला असे सांगत असतो की, ज्या जागी उभा राहून मी हे पाहिले ती जागा ही. आपणही तेथे जावे, आपल्याला तेच दिसते का ते पाहावे, आणि न दिसल्यास माझे म्हणणे खुशाल खोडून टाकावे. आपल्या विधानाच्या खंडनाची सोय आपणच करून ठेवणे, हा विद्येतला मोठ्यात मोठा प्रामाणिकपणा होय, आणि तळटीपेचे इमान ते हेच. ही दृष्टी एकदा मनात ठसली म्हणजे स्वल्पविराम कोठे द्यावा आणि ग्रंथनाम तिरप्या ठशात छापावे की अवतरणचिन्हांत, हे प्रश्न आपापल्या लहानशा जागी जाऊन बसतात. आणि ती ठसली नाही तर स्वल्पविराम अचूक असूनही प्रबंध बेइमान राहू शकतो.

हे तत्त्व नुसते सांगत बसण्यापेक्षा आपल्याच घरचे एक उदाहरण घेतो. शिवछत्रपतींच्या जन्माचे वर्ष म्हणून इ.स. १६२७ हा आकडा एके काळी मराठी मुलखातील शाळकरी पोरांनाही पाठ होता. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी दिलेली आहे. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात १६२७ हेच साल धरले. त्याच्या ग्रंथावरून क्रमिक पुस्तके तयार झाली, क्रमिक पुस्तकांवरून चरित्रे लिहिली गेली, आणि चरित्रांवरून पुन्हा नवी क्रमिक पुस्तके. आता अशी कल्पना करा की, एखाद्या अभ्यासकाने या सालाच्या समर्थनार्थ तळटीपेत आठ ग्रंथांची नावे ओळीने मांडली आहेत. टीप दिसायला भक्कम दिसेल, परीक्षक मान डोलावील, आणि वाचकाला वाटेल की आठ-आठ साक्षीदार एकमुखाने सांगतात त्या अर्थी गोष्ट निर्विवाद असली पाहिजे. परंतु थोडी तहकीकात केली तर असे आढळेल की, या आठांपैकी सातांनी स्वतः काहीच पाहिलेले नाही, ते कोणाचे तरी ऐकून सांगत आहेत. आणि ज्याचे ऐकून सांगत आहेत तो एकमेव साक्षीदार, म्हणजे चिटणीसांची बखर, घटनेनंतर सुमारे १८० वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली आहे. टीपेत नावे आठ, पुरावा एक, आणि तोही उत्तरकालीन.

पुढे काय झाले ते आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. भोर संस्थानातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी असलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि ती त्यांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तीत शिवाजीमहाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी आहे. एवढ्यावरच कोणी निकाल दिला असता तर जुन्या एका साक्षीदाराच्या जागी नवा एक आणून बसविल्यासारखे झाले असते. पण महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे शिवभारत उजेडात आले तेव्हा त्यातही हीच तिथी निघाली, आणि राजस्थानातील एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात सापडलेली महाराजांची जन्मकुंडली याच तिथीशी रुजू पडली. मावळातल्या देशमुखाच्या घरचे रोखठोक टिपण, छत्रपतींच्या पदरी असलेल्या पंडिताचे संस्कृत काव्य, आणि शेकडो कोस दूर राहणाऱ्या ज्योतिष्याचे बाड, यांनी एकमेकांची नक्कल केली असण्याचा यत्किंचितही संभव नाही. म्हणून ही तीन नावे त्या आठ नावांना भारी पडतात. आधार देताना किती दिले हे मोजावयाचे नसते. त्यांपैकी परस्परांपासून स्वतंत्र असे किती, हे मोजावयाचे असते. हा नियम शैलीच्या कोणत्याही पुस्तिकेत मी ठळक अक्षरांत छापलेला पाहिला नाही, आणि आजच्या प्रबंधांतील निम्मा दोष या एका नियमाच्या अज्ञानातून येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या उदाहरणात आणखी एक मेख आहे, ती जाता जाता सांगून टाकतो. शके १५५१ मध्ये ७८ मिळविले की १६२९ येतात, आणि अशी बेरीज करून मोकळे होणारे लेखक मी पाहिले आहेत. परंतु फाल्गुन हा शकवर्षाचा अखेरचा महिना. तोवर इसवी सन उलटून गेलेला असतो आणि ७९ मिळवावे लागतात, म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. तीही तारीख जूलियन पंचांगाची; आज आपण जे ग्रेगोरियन पंचांग वापरतो त्यानुसार तो दिवस १ मार्चचा होतो. तेव्हा जो लेखक मूळ तिथी न देता नुसती इंग्रजी तारीख टाकतो आणि ती कोणत्या गणनेची हे सांगत नाही, त्याने आधार दिला असला तरी वाटेतला एक टप्पा वाचकापासून दडविला, असेच म्हणावे लागेल. मूळ साधनात जे आहे ते आधी द्यावे, आपले रूपांतर नंतर आणि वेगळे द्यावे.

ग्रँट डफचे नाव आले आहे म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द न्यायाने बोलले पाहिजेत. आपल्या मंडळींनी त्याच्यावर पुष्कळ टीका केली आणि तीतली बरीच यथार्थ होती. तथापि एका गोष्टीचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे की, कोणत्या बखरीवरून, कोणत्या कागदावरून आपण लिहितो हे तो टीपांतून सांगत गेला, आणि पुष्कळ मराठी हस्तलिखितांच्या नकला आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेविल्या आहेत असेही त्याने नमूद केले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत, १८६७ च्या सुमारास, या इतिहासाची जी प्रसिद्ध चिकित्सा केली ती आपल्या अर्वाचीन इतिहाससंशोधनाची नांदी मानतात. आणि त्या चिकित्सेला जी धार आली ती पुष्कळ अंशी खुद्द ग्रंथकर्त्याने आपले आधार उघडे ठेवले होते म्हणूनच आली. ज्याने आधार सांगितले त्याचे दोष दाखविता येतात, आणि ज्याने ते सांगितलेच नाहीत त्याच्यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती उरते. लिटररी सोसायटीत ठेविलेल्या त्या नकला पुढे संशोधकांना सापडेनाशा झाल्या, आणि कागद नाहीसे झाल्यावर टीपा किती पांगळ्या होतात याचाही धडा आपल्याला त्याच प्रकरणाने दिला.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आली, आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. या कामाचे मर्म असे की, राजवाड्यांनी इतिहास सांगण्याआधी इतिहासाचे कागद लोकांपुढे मांडले. अस्सल समकालीन पत्रापुढे उत्तरकालीन बखरीची किंमत काय, हे त्यांनी त्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत असे काही सोलून दाखविले की, त्यानंतर बखरीवर विसंबून लिहिणाराला निदान संकोच वाटू लागला. प्रत्येक पत्राला लेखांक दिलेला असल्यामुळे आज सव्वाशे वर्षांनंतरही आपण खंड आणि लेखांक सांगितला की, पुण्यातला, धुळ्यातला किंवा परदेशातला अभ्यासक एकाच पत्रापाशी येऊन पोचतो. नव्या आवृत्तीत पृष्ठांक बदलतात, लेखांक बदलत नाही. म्हणून अशा साधनग्रंथांचा निर्देश करताना लेखांक द्यावा, पृष्ठांक दिला तर तो जोडीला.

परंतु याच राजवाड्यांच्या चरित्रातील दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक संहिता प्रसिद्ध केली. ही संहिता एकनाथपूर्व पोथीवरून सिद्ध केलेली आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. तिच्या भाषेवर त्यांनी व्याकरण रचले. आणि तिचे महत्त्व इतके की महाराष्ट्र शासनाने १९६० साली काढलेल्या प्रतीसही तिचाच मुख्य आधार आहे. मात्र ज्या पोथीवरून ही सारी उभारणी झाली ती पुढच्या संशोधकांना पाहावयास मिळाली नाही. कागदासाठी मराठी मुलूख पायाखाली घालणाऱ्या, उंदरांनी कुरतडलेले दप्तरांचे रुमाल घरोघरच्या माळ्यांवरून खाली आणणाऱ्या या पुरुषाने आपल्या एका सर्वांत मोठ्या विधानाचा आधार मात्र इतरांच्या हाती लागू दिला नाही. राजवाड्यांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि त्या आदरानेच मी म्हणतो की, त्यांनीच घालून दिलेल्या कसोटीला त्यांची ज्ञानेश्वरी उतरत नाही. पोथी खरी होती की नव्हती हा प्रश्नच येथे गौण आहे. ती तपासता येत नाही, हा दोष पुरेसा आहे.

आधारनिर्देश ही पाश्चात्त्यांकडून आलेली शिस्त आहे, आपल्याकडे अशी चाल नव्हती, असे म्हणण्याची एक फॅशन आहे. मला ते पटत नाही. पाणिनी आपल्या सूत्रांत दहा पूर्वाचार्यांची नावे घेतो. शाकल्याचे मत निराळे, गार्ग्याचे निराळे, हे सांगावयास तो विसरत नाही. मल्लिनाथासारखा टीकाकार निराधार असे काही लिहिणार नाही असे आरंभीच बजावतो आणि मग पदोपदी कोशकारांची नावे घेत जातो. खुद्द मराठीत तर याहून नवलाचा प्रकार आहे. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या तेराव्या शतकात. ज्याने जी लीळा पाहिली किंवा ऐकली त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्याने लीळाचरित्र सिद्ध केले. आणि परचक्राच्या धामधुमीत ते नष्ट झाल्यावर त्याच्या पुनर्रचनेच्या ज्या परंपरा निर्माण झाल्या त्या हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासाचा पाठ अशा नावांनिशी वेगळ्या राखल्या गेल्या. दोन पाठ जुळत नसतील तर एक पुसून टाकावा आणि भाविकांपुढे एकसंध ग्रंथ ठेवावा, हा मोह कोणत्याही संप्रदायाला होण्यासारखा आहे. चक्रधरांच्या महानुभाव पंथाने तो पुष्कळ अंशी टाळला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासारख्या समर्थ कवीला दोन-चार ओव्या पदरच्या घालणे मुळीच कठीण नव्हते. त्यांनी उलट, ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात कोणीही आपली ओवी मिसळू नये, असा कडक इशारा ग्रंथाच्या शेवटी देऊन ठेविला. दुसऱ्याचे शब्द आणि आपले शब्द यांच्यामध्ये रेघ ओढण्याचा हा संस्कार आपला आहे आणि जुना आहे.

तथापि परंपरेचे गोडवे गाताना तिच्यातली एक वाईट खोडही कबूल केली पाहिजे. ‘इति केचित्’ म्हणून दुसऱ्याचे मत मांडावयाचे आणि ते कोणाचे हे गुलदस्तात ठेवावयाचे, ही शास्त्रग्रंथांतील सवय आजच्या मराठी गद्यात ‘काही अभ्यासकांच्या मते’ या वेषाने सुखेनैव नांदत आहे. हे काही अभ्यासक कोण, ते जिवंत आहेत की दिवंगत, त्यांनी हे कोठे लिहिले की चहा पिताना बोलून दाखविले, याचा पत्ता लागत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाची कोणतीही दहा पाने उघडून पाहावीत. १९३० ते १९६२ या काळात निघालेल्या त्या पाच खंडांत वरचा मजकूर कित्येकदा चार ओळींचा आणि खाली मूळ संस्कृत वचनांसह टीपा पानभर, असे दृश्य दिसते. तेथे ‘केचित्’ला जागा नाही. वाचणाराची दमछाक होते हे खरे, पण काण्यांशी ज्याला वाद घालावयाचा असेल त्याला सगळी शस्त्रे काण्यांनीच पुरविलेली असतात.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. आधारनिर्देशाच्या ज्या पाश्चात्त्य पद्धती रूढ आहेत, शिकागोची १९०६ सालची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची १९२९ सालची, आणि अशा कित्येक, त्यांतली कोणती श्रेष्ठ या वादात मला रस नाही. कोणतीही एक घ्यावी आणि ग्रंथाच्या अखेरपर्यंत पाळावी. परंतु या पद्धती ज्यांनी घडविल्या त्यांच्यासमोर मराठी ग्रंथ नव्हते. आणि मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ज्या अडचणी येतात त्या त्यांच्या पुस्तिकांत सापडणार नाहीत. तुकोबांच्या अभंगांचेच घ्या. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ साली निघाली. त्यानंतर वारकरी परंपरेतील गाथा निघाल्या, देहूची निघाली, शासनाने आपली काढली. आणि प्रत्येकीत अभंगांचा अनुक्रम निराळा. अशा स्थितीत ‘तुकाराम गाथा, अभंग अमुक’ एवढेच लिहिणे म्हणजे गावाचे नाव न लिहिता घरक्रमांक लिहिणे होय. कोणती गाथा, कोणी संपादिलेली, कोणत्या वर्षाची, हे सांगितल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. नामदेवांच्या बाबतीत तर पंचाईत याहून बिकट. विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेत इतकी मिसळलेली आहे की, नाममुद्रा पाहून कर्ता ठरविणाराने आपण गाथेच्या कोणत्या प्रतीवर आणि कोणत्या संपादकाच्या निवाड्यावर विसंबलो आहोत, हे उघड सांगितलेच पाहिजे.

दप्तरातील कागदांची तऱ्हा आणखी निराळी. पेशवाईतील पत्रांवर पुष्कळदा ‘छ’ हे अक्षर, त्यापुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिन्याचे नाव, एवढाच कालनिर्देश असतो. साल नसते, कारण पत्र ज्याला जावयाचे त्याला साल ठाऊक असते. जेथे शुहूर सन असतो तेथे तो मृगाच्या सुमारास बदलत असल्यामुळे इसवी सन काढताना कधी ५९९ तर कधी ६०० मिळवावे लागतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादिले, हा पराक्रमच होता. परंतु त्यांतील कित्येक पत्रांच्या माथ्यावरची तारीख संपादकाने मजकुरावरून बसविलेली आहे. ती मूळ पत्राची तारीख आहे अशा थाटात उद्धृत करणारा अभ्यासक संपादकाच्या तर्काला पत्रलेखकाची साक्ष बनवितो. त्याचे परिणाम गंभीर होतात, कारण लढाईच्या आधी काय ठरले आणि नंतर काय ठरले हे सगळे कित्येकदा पत्राच्या एका सालावर अवलंबून असते. ‘संपादकाने दिलेली तारीख’ एवढे तीन शब्द घालावयास फारशी जागा लागत नाही.

महाभारताचा दाखला देणारांची तर गणतीच नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले आणि वि. सी. सुकथनकरांनी १९२५ पासून शास्त्रशुद्ध पायावर उभे केलेले चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीच्या पानाचा खालचा भाग हा तळटीपेच्या इमानाचा जगातील एक उत्कृष्ट नमुना मानावा लागेल. संपादकांनी वर कोणता पाठ स्वीकारला तो दिसतोच, पण कोणत्या लिपीच्या कोणत्या पोथीतील कोणता पाठ त्यांनी नाकारला तोही खाली दिलेला असतो, म्हणजे ज्याला निर्णय मान्य नसेल त्याने आपला निर्णय आपण करावा. असे असता आपल्या प्रबंधांत ‘महाभारत, भीष्मपर्व’ असा मोघम हवाला येतो. प्रचलित पोथीत भगवद्गीता भीष्मपर्वाच्या पंचविसाव्या अध्यायापासून सुरू होते, चिकित्सक आवृत्तीत तेविसाव्यापासून. मग अध्यायाचा आकडा कोणत्या प्रतीचा धरावा? गणपतीने व्यासांचा लेखक व्हावे ही सर्वश्रुत कथा सुकथनकरांनी संहितेतून काढून परिशिष्टात ठेविली. आणि आंधळ्याचा पुत्र आंधळाच, असे जे बोल द्रौपदीच्या तोंडी घालून वक्ते टाळ्या घेतात, ते त्या संहितेत नाहीतच. तेथे ती इतर स्त्रियांसह हसली एवढे आहे, आणि तेही दुर्योधन सांगतो म्हणून. पर्व, अध्याय आणि श्लोक सांगण्याची सक्ती असती तर ते वाक्य किती व्यासपीठांवरून मुकाट्याने उतरले असते याचा विचार करावा.

आता ज्या अपराधाला मी सर्वांत मोठा मानतो त्याकडे येतो. चोरी वाईट खरीच, पण चोरीत निदान माल तरी खरा असतो. न पाहिलेला ग्रंथ पाहिला असे भासविणे, हा अपराध मला त्याहून मोठा वाटतो, कारण त्यात वाचकाला खोट्या जागी पाठविले जाते. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण गोव्यात राचोल येथे १६१६ साली प्रथम छापले गेले, नंतर १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या, असे परंपरेने मानले जाते. परंतु या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे रोमन लिपीत काढलेली आवृत्ती आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास काढलेली देवनागरी आवृत्ती, या आपल्याला मिळतात. तरीही संदर्भसूचीत ‘स्टीफन्स, राचोल, १६१६’ अशी ऐटबाज नोंद करणारे लेखक आहेत. जो ग्रंथ पृथ्वीतलावर कोणाच्याच नजरेस पडत नाही तो या एकट्याने कोठे वाचला? खरी नोंद साधी आहे: बंडेलूंची आवृत्ती वाचली असेल तर बंडेलूंचे नाव, साल १९५६, आणि मूळ मुद्रणाविषयीची माहिती त्यांच्या प्रस्तावनेवरून घेतली असेल तर तसे. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेले वचन त्या दुसऱ्याच्या हवाल्याने द्यावे, यात कमीपणा कसला? गोमंतकाचेच अ. का. प्रियोळकर यांनी १९३५ साली रघुनाथ पंडिताच्या दमयंतीस्वयंवराची पाठचिकित्सक आवृत्ती काढून मराठीत या शास्त्राचा पाया घातला. आपल्या हाती काय आले आणि काय आले नाही, हे स्वच्छ सांगण्याचा वस्तुपाठ ज्याला हवा असेल त्याने त्या आवृत्तीची प्रस्तावना वाचावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी जे विनियम केले त्यांत साम्याच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, दहा ते चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून द्यावयाचा, चाळीस ते साठपर्यंत एक वर्ष मनाई, आणि साठाच्या वर नोंदणीच रद्द. या नियमांनी उघड्या डोळ्यांदेखत चाललेली लूट थोडी आवरली असेल, हे मी नाकारीत नाही. परंतु यंत्र फक्त अक्षरांची जुळणी पाहते. न वाचलेला ग्रंथ, उसनी टीप, संपादकाच्या तर्काची बनविलेली साक्ष, आठ नावांच्या आड लपलेला एकच साक्षीदार, यांतले काहीही त्याच्या जाळ्यात सापडत नाही. शून्य टक्के साम्य असलेला प्रबंध आरपार खोटा असू शकतो. त्यात आता नवे संकट असे उभे राहिले आहे की, प्रश्न विचारताच अस्खलित मजकूर लिहून देणारी जी संगणकीय साधने घरोघर आली आहेत ती प्रसंगी कधीच न लिहिल्या गेलेल्या ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्ता, प्रकाशक आणि पृष्ठांक यांसह सुबक संदर्भ तयार करून देतात. स्वल्पविरामसुद्धा अचूक असतो. पूर्वी खोटी टीप लिहावयास निदान मनुष्याला खोटे बोलावे लागे. आता तेवढीही तसदी उरलेली नाही.

म्हणून माझी विनंती विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांना आहे. प्रकाशकांनी टीपा म्हणजे कागदाची नासाडी असे समजून त्या छाटू नयेत, आणि पुनर्मुद्रणाला नवी आवृत्ती म्हणून खपवू नये, कारण त्या एका शब्दाने अभ्यासकाची वर्षे चुकतात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून १९४३ साली छापली, आणि पुढचा खंडही काढला. ती सूची प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उघड्या फडताळावर असावी, कुलपात नसावी. आणि प्रबंधांचे जे मार्गदर्शक व परीक्षक येथे उपस्थित असतील त्यांना हात जोडून सांगणे आहे की, पुढचा प्रबंध आपल्या टेबलावर येईल तेव्हा साम्याची टक्केवारी पाहण्याआधी त्याच्या संदर्भसूचीतील कोणत्याही पाच नोंदी निवडाव्यात, ते पाच ग्रंथ ग्रंथालयातून मागवून घ्यावेत, सांगितलेली पाने उघडावीत, आणि तेथे ते वाक्य नसेल तर प्रबंध परत पाठवावा.